ईथर आणि इंधन : एका शब्दाचे गणगोत

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शाळेच्या एकाच इमारतीत एक शब्द तीन खोल्यांमध्ये तीन वेगवेगळ्या वेषांत वावरत असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘ईथर’ म्हणजे गडद रंगाच्या बाटलीतला एक द्रव. बूच काढताच त्याचा गोडसर, डोक्यात जाणारा वास पसरतो आणि थेंब हातावर पडला तर गारवा देऊन तो क्षणात उडून जातो. पदार्थविज्ञानाच्या तासाला तोच ‘ईथर’ म्हणजे सारे विश्व व्यापणारे आणि अखेर नसलेलेच ठरलेले एक माध्यम. आणि संगणककक्षात भिंतीच्या कडेने गेलेली केबल ‘इथरनेट’ची. एक द्रव, एक अस्तित्वात नसलेली वस्तू आणि एक तार. या तिघांना एकच नाव कसे मिळाले, हा प्रश्न अभ्यासक्रमात कोठेच बसत नाही; कारण तो एका विषयाचा नाही.

शब्दकोशात हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक मांडलेले असतात. ती कोशकाराची सोय होय. शब्द मात्र एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर कोणत्या वाटेने गेला, हे क्रमांकांच्या मधल्या कोऱ्या जागेत राहून जाते. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ही वाट शोधण्याची सवय इतरांपेक्षा लवकर लागते. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, सरकारी कागदावर तिसरी. त्यामुळे एखादा शब्द कानावर पडला की तो आपला की परका, आणि परका असेल तर कोणत्या गावचा, असे त्याच्या मनात आपोआप येते. ईथर हा अशा मुलाने आवर्जून हाती घ्यावा असा शब्द आहे. त्याचे साम्य एका मराठी शब्दाशी आहे आणि रक्ताचे नाते भलत्याच मराठी शब्दाशी.

मूळ शब्द ग्रीक, ‘आयथेर’. होमरच्या महाकाव्यांत आकाशाचे दोन थर दिसतात. जमिनीलगतची धुकट, ढगाळ, दमट हवा ती ‘आएर’; इंग्रजीतला ‘एअर’ तिच्यापासून आला. त्याच्यावर, ढगांच्या आणि पर्वतशिखरांच्या पलीकडे, जो निरभ्र आणि झळाळता प्रदेश आहे तो ‘आयथेर’. झ्यूस देवाचे वसतिस्थान तेथे. हेसिअडने देवांची वंशावळ सांगताना आयथेरलाही एक व्यक्ती मानले आणि त्याची आई रात्र व बाप पाताळातला अंधार असल्याचे सांगितले. दिवस ही त्याची बहीण. उजेड अंधाराच्या पोटी जन्माला येतो, ही कल्पना भारतीय वाचकाला फार परकी वाटू नये.

ज्या धातूपासून हा शब्द झाला त्याचा अर्थ जळणे, पेटणे, झळकणे असा आहे. पण ॲरिस्टॉटलला हे मान्य नव्हते. त्याच्या मते पृथ्वी, आप, वायू आणि अग्नी ही चार तत्त्वे सरळ रेषेत वर किंवा खाली जातात, तर ग्रहतारे अखंड वर्तुळात फिरतात. तेव्हा ते या चारांपैकी कशाचेही बनलेले नसणार. त्यांच्यासाठी त्याने पाचवे तत्त्व मानले. या तत्त्वासाठी लोकांनी पूर्वीच योजलेले नाव म्हणून त्याने आयथेर हा शब्द पुढे केला आणि त्याची फोड ‘सदैव धावणारे’ अशी केली. शिवाय अॅनॅक्सागोरसने हा शब्द अग्नी या अर्थाने वापरला म्हणून त्याला चूकही ठरविले. गंमत अशी, की शब्दाच्या जन्मखुणेच्या बाबतीत अॅनॅक्सागोरस खऱ्याच्या जवळ होता आणि चूक काढणारा तत्त्वज्ञ दूर. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे यास्काचार्यांनीही ‘अग्नी’ शब्दाची उकल ‘अग्रणी’ अशी करून दाखविली आहे. प्राचीनांना शब्दाचा इतिहास शोधायचा नव्हता; शब्दातून वस्तूचा स्वभाव वाचायचा होता. पुढे लॅटिन पंडितांनी त्या पाचव्या तत्त्वाला ‘पाचवे सार’ म्हटले, आणि ‘क्विंटेसेन्स’ हा इंग्रजी शब्द त्यातून निघाला.

आता नात्याकडे वळावयाचे. संस्कृतात ‘इन्ध्’ हा धातू आहे, अर्थ पेटविणे. त्यापासून इंधन, त्यापासून समिधा, आणि ‘एधस्’ म्हणजे सरपण. ग्रीक ‘आयथ्’ आणि संस्कृत ‘एध्’ एकाच प्राचीन धातूची दोन रूपे आहेत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. हा नुसता आवाजातला सारखेपणा नव्हे. संस्कृतातला ‘ए’ हा मुळात ‘अइ’ होता, हे संधीच्या नियमांतून शाळकरी मुलालाही पटते. आणि जेथे संस्कृतात ‘ध’ येतो तेथे ग्रीकमध्ये नियमाने ‘थ’ येतो. संस्कृतातला मधु म्हणजे ग्रीकमधला ‘मेथु’, अर्थात मद्य. संस्कृतातला धूम म्हणजे ग्रीकमधला ‘थ्यूमॉस’. तेथे मात्र तो धूर चुलीतून निघून माणसाच्या छातीत शिरला आणि त्याचा अर्थ आवेश असा झाला. एकदा हा नियम ध्यानात आला, की मुंजीत बटूच्या हातात दिलेली समिधा आणि होमरचे झळाळते आकाश ही एका घरातली माणसे ठरतात. याच घरातला लॅटिन ‘एडीस’ हा शब्द. तो चुलीच्या जागेवरून घराकडे आणि मंदिराकडे गेला, आणि इंग्रजीत इमारतीला ‘एडिफिस’ म्हणतात ते त्यावरून. जेथे विस्तव, तेथे घर, हे कोणत्याही गृहिणीला भाषाशास्त्राविना ठाऊक असते. इथिओपिया हे ग्रीकांनी दिलेले नावही सामान्यतः याच धातूशी जोडले जाते. उन्हाने भाजलेल्या चेहऱ्यांचा देश, असा त्या बाहेरून लादलेल्या नावाचा अर्थ.

मराठी वाचकाला मात्र ईथर म्हटले की इंधन आठवत नाही; आकाश आठवते, आणि ते साहजिक आहे. दोन्हीकडे पाचवे तत्त्व, दोन्हीकडे सर्वव्यापी, दोन्हीकडे सूक्ष्म. शिवाय आकाश शब्दातला ‘काश्’ हा धातूही चमकणे, दिसणे याच अर्थाचा आहे; प्रकाशात आणि अवकाशात तोच आहे. दोन वेगळ्या धातूंतून दोन संस्कृतींनी वरच्या पोकळीला ‘चमकणारे’ असे नाव दिले. पण येथे साम्य संपते. तैत्तिरीय उपनिषदाच्या सृष्टिक्रमात आकाश हे सर्वांत आधीचे भूत आहे. त्यातून वायू, वायूतून अग्नी आणि मग जल व पृथ्वी. ॲरिस्टॉटलचे पाचवे तत्त्व चारांना जन्म देत नाही. ते चारांपासून अलग, वरच्या मजल्यावर राहते. आणि त्याहून महत्त्वाचा भेद गुणाचा. न्याय-वैशेषिकांच्या मते आकाशाचा विशेष गुण शब्द, म्हणजे ध्वनी. कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले आकाश म्हणजेच श्रवणेंद्रिय, इतक्या टोकापर्यंत त्यांनी हा विचार नेला. युरोपच्या ईथरचा संबंध आरंभापासून उजेडाशी. आपल्या आकाशाचा आवाजाशी. एक डोळ्यांचे तत्त्व, दुसरे कानांचे. चार्वाकांनी तर आकाश प्रत्यक्ष दिसत नाही म्हणून भूतांच्या यादीतून त्याचे नावच खोडले आणि चार भूतांवर समाधान मानले.

हा भेद नजरेआड झाल्याने काय होते, त्याची कथा एकोणिसाव्या शतकात घडली. प्रकाश ही लाट आहे, हे हॉयगेन्सने १६९० मध्ये ग्रंथ लिहून मांडले होते. पुढे यंग आणि फ्रेनेल यांनी ते प्रयोगांनी आणि गणिताने भक्कम केले. लाट म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे. पाण्याशिवाय पाण्याची लाट नाही. तेव्हा सूर्यापासून पृथ्वीपर्यंतची पोकळी कशाने तरी भरलेली असली पाहिजे, आणि त्या ‘कशाला तरी’ नाव मिळाले ईथर. पण या ईथरचे गुणधर्म ठरवू लागताच शास्त्रज्ञांची पंचाईत झाली. प्रकाशाच्या लाटा आडव्या हेलकाव्याच्या आहेत, आणि तशा लाटा द्रवाच्या किंवा वायूच्या पोटातून जात नाहीत, घन पदार्थातून जातात. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने त्या न्यायच्या, तर हा घन पदार्थ पोलादाहूनही ताठ हवा. आणि त्याच पोलादातून पृथ्वी, चंद्र, धूमकेतू यांनी कसलाही अडथळा न होता विहार करावयाचा! स्टोक्स आणि केल्व्हिन यांनी मोच्याच्या मेणाचा दाखला देऊन पाहिला. डांबराचा थंड गोळा हातोडीने फुटतो, पण तसाच ठेवला तर हळूहळू ओघळतो. तसे काहीसे ईथरचे असेल, असा त्यांचा तर्क. तर्क हुशारीचा होता. समाधान मात्र कोणाचेच झाले नाही. तरीही ब्रिटिश विश्वकोशाच्या नवव्या आवृत्तीत ‘ईथर’ हा लेख लिहिताना मॅक्सवेलसारख्या प्रज्ञावंताला त्याच्या अस्तित्वाविषयी शंका वाटली नाही.

शंका घेतली ती मोजमापाने. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. ईथर स्थिर असेल, तर धावत्या मोटारीत समोरून वारा लागावा तसा पृथ्वीवर ईथरचा वारा लागला पाहिजे, आणि त्या वाऱ्याच्या दिशेने व त्याला आडवा जाणारा प्रकाश यांना लागणाऱ्या वेळात किंचित फरक पडला पाहिजे. १८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मायकेलसन आणि मोर्ले यांनी हा फरक मोजण्याचे ठरविले. दीड मीटर लांबीरुंदीची दगडी शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवून, म्हणजे धक्का न लागता ती सावकाश फिरविता यावी म्हणून, तिच्यावर त्यांनी आरसे बसविले. प्रकाशाचे पट्टे एका पट्ट्याच्या ०.४ इतके सरकतील, अशी गणिताची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जे सरकणे दिसले ते अपेक्षेच्या विसाव्या भागाहून निश्चितच कमी, बहुधा चाळिसाव्या भागाहूनही कमी होते. वारा नव्हता. प्रयोग फसला असे स्वतः मायकेलसनला वाटत राहिले. विज्ञानाच्या इतिहासात मात्र इतके फलदायी अपयश दुसरे शोधावे लागेल. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची कल्पना अनावश्यक ठरविली.

नेमक्या याच काळात ईथरचे भाषांतर ‘आकाश’ असे करण्याचा मोह अनेकांना पडला होता. स्वामी विवेकानंदांच्या १८९६ मधील एका पत्रात, प्राण आणि आकाश या वेदान्तातील कल्पनांनी निकोला टेस्ला कसे भारावून गेले याचा उल्लेख आहे. थिऑसॉफीच्या प्रचारकांनी तर आकाश आणि ईथर यांची सर्रास गाठ घातली. परकीय सत्तेखाली वाढलेल्या सुशिक्षितांना ‘पश्चिमेला आज सापडले ते आमच्या ऋषींना तेव्हाच ठाऊक होते’ हे वाक्य औषधासारखे लागू पडत असे, आणि त्यामागची दुखावलेली अस्मिता समजण्यासारखी आहे. पण ही गाठ फार महागाची होती. ईथर म्हणजेच आकाश असेल, तर ईथर रद्द झाले त्या दिवशी आकाशही रद्द झाले, असे मानावे लागेल! जी कल्पना मायकेलसनच्या शिळेवर कधी तोललीच जाणार नव्हती, तिला अभिमानी भाषांतरकारांनी होऊन त्या शिळेवर नेऊन ठेवले. वैशेषिकांचे आकाश कोणत्याही प्रयोगाने खोटे पडलेले नाही, कारण ते प्रकाशलहरींचे वाहन म्हणून कधी पुढे आलेच नव्हते. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘ईथर’ हा शब्द जसाच्या तसा घेतला, याला कोणी आळस म्हणेल. खरे तर तो विवेक होता. १९६१ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगानेही मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवावीत असे धोरण स्वीकारले. परका शब्द परका म्हणून घरात घेणे, हेही कधी कधी आपल्या शब्दाचे रक्षण असते.

आइन्स्टाइनने १९२० मध्ये लायडन येथे दिलेल्या व्याख्यानात ईथर हा शब्द पुन्हा एकदा, बऱ्याच सौम्य अर्थाने, जवळ केला. अवकाशाला स्वतःचे भौतिक गुणधर्म असतात, एवढ्याच अर्थी. पण तोवर शब्दाचा भौतिकशास्त्रातला संसार आटोपला होता.

रसायनातला संसार मात्र चांगला भरभराटीला आला. मद्यार्क आणि गंधकाम्ल यांपासून हा द्रव करण्याची रीत सोळाव्या शतकात जर्मन वैद्य व्हालेरियस कॉर्डस याने वर्णिली होती. तेव्हा त्याला ‘गोड तेल’ म्हणत. १७३० मध्ये फ्रोबेनिअसने त्याला ईथरचे नाव दिले. पृथ्वीवर थांबायलाच तयार नसलेला, बघता बघता वर निघून जाणारा द्रव, म्हणून स्वर्गातल्या हवेचे नाव. धातूमधला ‘जळणे’ हा मूळ अर्थ त्याच्या मनात असो वा नसो, द्रवाने तो स्वतःहून खरा केला. ईथरची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरवरच्या दिव्यापाशी पोचून भडकते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन याने एका रुग्णाला ईथर हुंगविले, आणि शल्यवैद्य वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. रुग्ण किंचाळला नाही. त्याच्या आधीच्या हजारो वर्षांत शस्त्रक्रिया म्हणजे चार दांडग्या माणसांनी धरून ठेवणे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शांततेचे मोल कळते. क्रॉफर्ड लाँग या जॉर्जियातल्या डॉक्टरने हेच १८४२ मध्ये केले होते. पण त्याने ते प्रसिद्ध करावयास १८४९ उजाडविले. मॉर्टनला घाई होती ती पेटंटची. त्याने द्रवात रंग आणि सुगंध मिसळून त्याचे ‘लेथिऑन’ असे गूढ नाव ठेवले, विस्मृतीच्या ग्रीक नदीवरून. पण ईथरचा वास कोणत्याही सुगंधाने झाकत नाही, आणि बिंग लवकरच फुटले.

भारतात या द्रवापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. तो सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळतो. वैशाखात आपल्याकडे पंख्याखालची खोलीही तेवढी तापते. बाटलीत उकळू पाहणारे आणि कंदिलाच्या ज्योतीला भिडणारे औषध वापरण्यापेक्षा डॉक्टरांना क्लोरोफॉर्म बरा वाटे, जरी तो हृदयाला अधिक घातक होता. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजाम सरकारच्या खर्चाने क्लोरोफॉर्मच्या धोक्यांची चौकशी करणारी दोन मंडळे बसली, ती याच पेचातून. मृत्यूचे कारण श्वास बंद पडणे हे असते, हृदय नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनात तो टिकला नाही. एका द्रवाचा उत्कलनबिंदू दहा-पंधरा अंशांनी अधिक असता, तर या देशातल्या किती रुग्णांचे भवितव्य निराळे झाले असते, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

शब्दाची वंशवेल रसायनाने इतकी वाढविली, की ती आता स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे. १८३४ मध्ये लीबिगने ईथरला ‘हुले’, म्हणजे द्रव्य, हा ग्रीक शब्द जोडून ‘इथाइल’ बनविले. त्यातून इथेन, इथिलीन आणि भाजी आणण्याची पॉलिथीनची पिशवी. ‘एस्टर’ हा शब्द ग्मेलिनने १८४८ मध्ये केला. तो बहुधा जर्मन ‘व्हिनेगर-ईथर’चा संक्षेप असावा, आणि तसे असेल तर पॉलिएस्टरची साडीही याच कुळातली. शेजारचे ‘मिथाइल’ हे वर उल्लेखिलेल्या ‘मेथु’पासून झाले; म्हणजे मिथेनॉल हा मधुचा आप्त, जरी तो प्याल्याने माणूस आंधळा होतो. १८९२ च्या जिनिव्हा परिषदेत अल्कोहोलच्या नावाला ‘ऑल’ हा शेपटा लावण्याचे ठरले, आणि इथेनॉल तयार झाले.

आज साखर कारखान्यांतून मळीपासून काढलेले तेच इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि पंपावर ‘इथेनॉलमिश्रित इंधन’ अशा नावाने विकले जाते. पाटी रंगविणाऱ्याला कल्पनाही नसेल, पण त्या दोन शब्दांत हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ शेजारी शेजारी उभे आहेत. एक ग्रीसहून निघून जर्मनीच्या प्रयोगशाळेमार्गे उसाच्या फडात पोचलेला, दुसरा यज्ञकुंडापाशी घरीच राहिलेला. आणि दोघांचेही काम अजून तेच : जळणे.

ध्वनिप्रक्षेपण सुरू झाले तेव्हा विज्ञानाने टाकून दिलेला ईथर लोकव्यवहाराने उचलला. रशियन भाषेत कार्यक्रम प्रसारित होत असेल, तर तो आजही ‘एफिर’मध्ये असल्याचे म्हणतात, हा एफिर म्हणजे ईथरच. भारतात १९३५ साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूरला स्वतःच्या घरी खासगी केंद्र उभारले. त्याला मिळालेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. येथे आकाश शब्द अगदी योग्य जागी बसला, कारण काम आवाजाचे होते. वैशेषिकांनाही ही योजना पसंत पडली असती. ईथरच्या जागी आकाश घालणे आणि रेडिओला आकाशवाणी म्हणणे, या दोन कृती वरवर सारख्या दिसतात. पहिलीत परक्या कल्पनेला आपला शब्द उसना दिला. दुसरीत आपल्या कल्पनेला नवे काम मिळाले.

संगणककक्षातली केबल उरली. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ‘ईथर’चे जाळे सुचविले. सर्व यंत्रे एकाच तारेला जोडलेली. तार स्वतः काही करीत नाही, फक्त वाहून नेते. कोणी बोलत नसेल तेव्हा बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबावे आणि थोडा थोडा वेगळा वेळ जाऊ देऊन पुन्हा सुरुवात करावी. कोणत्याही वर्गशिक्षिकेने हा नियम कोणत्याही वर्गाला घातलेला असतो. सर्वत्र असणारे, निष्क्रिय आणि नुसते वाहून नेणारे माध्यम म्हणून मेटकाफ यांना प्रकाशवाहक ईथर आठवला; ते खोटे ठरून अनेक दशके झाली होती, हे त्यांना अर्थातच माहीत होते. या कल्पनेला चालना मिळाली होती हवाई बेटांवरील विद्यापीठाच्या ‘अलोहानेट’मधून, आणि तेथे तार नव्हतीच, रेडिओलहरी होत्या. आता अनेक शाळांतून त्या केबली निघू लागल्या आहेत आणि छताला टांगलेल्या एका पांढऱ्या डबीतून वर्गाचे सारे बोलणे पुन्हा हवेतूनच जाते.